पाण्याहून हलका शनी

निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं. धर्माबादच्या फलाटावर नांदेडची गाडी यायची होती. माझ्या शेजारी एक शाळामास्तर भाकरीचं फडकं सोडून बायकोला आग्रह करत होते.

“सकाळपासनं पोटात काही न्हाई तुझ्या. घासभर तरी खा.”

“आज शनिवार हाय. तुमची साडेसाती सरू द्या, मग खाईन.”

“अगं, ज्याला भिऊन राहिलीस तो शनी नुसती हवा हाय. आमच्या उर्दू किताबात त्याला जुहल म्हणतात.”

“नाव बदललं म्हणून पीडा टळती व्हय?”

“ऐक तर. त्याच्यापुढं आपली पृथ्वी बोराएवढी, पण लोखंडावानी घट्ट. पाण्यात टाकली तर तळाला जाईल. शनी एवढा थोरला, पण तरंगेल.”

“खरंच एवढा हलका हाय?”

“हाव. पाण्याहून हलका.”

“मग! पाच साल उपास करून राहिले मी. हलका न होऊन करतो काय?”

मास्तरांनी भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं.

“अहो, फडकं का बांधून ठेवलं? तुम्ही तरी खा.”

“सांजच्याला खाऊ. मारुतीला तेल घालून, दोघं मिळून.”