दोघांच्या गोळ्या

हसू नका, पण ऐका. माह्या बायकोले, सुमनले, खाज अन् पांढरं जाणं सुरू झालं होतं. निर्मल गावच्या डॉक्टरीणबाईनं गोळ्या देल्या, तिले बरं वाटलं, अन् काही दिवसानं पुन्हा तेच. बाई म्हणल्या, "आता नवऱ्याला घेऊन या."

मी गेलो. म्हणलं, "मले काऊन बोलावलं? मले तं ना जळजळ, ना काई."

"म्हणूनच. हिला झालेला जंतू नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो, आणि पुरुषात तो बरेचदा चुपचाप बसतो. लघवीची पहिली धार या डबीत द्या."

थोड्या वेळानं त्याइनं मले मायक्रोस्कोपमधून दाखवलं. काचेखाली नासपतीसारखा दिसणारा एक बारका जीव शेपट्या हलवत झटके देऊन राह्यला होता! मले भेव वाटाच्या ऐवजी नवलच वाटलं. डोळा हटेच ना. मंग सुमननंही पाह्यलं.

तवा माह्या तोंडातून निघालंच, "बाई, हा पहिले कोणातून कोणात गेला?"

सुमनचा चेहरा उतरला.

"ते काच सांगत नाही," बाई म्हणल्या. "तो महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. दोघांनी एकदमच गोळ्या घ्या. दारू बंद, आणि बरे होईपर्यंत जवळ येऊ नका."

बसमध्ये सुमन म्हणाली, "तुमाले माह्यावर शक आला, तसा मलेही तुमच्यावर आला. आता कोणीच इचारायचं नाही. घरी जाऊन गोळी घ्या."

घेतल्या दोघाइनं. ना खाज परत आली, ना तो सवाल.