विजेच्या गाडीतली खडखड

खरं सांगू का, विजेची गाडी घेतली ती सुनंदासाठीच. इंजिनाचा आवाज नाही, तेव्हा विंझर ते भोर नवराबायको निवांत बोलत जाऊ, असं वाटलं होतं. पण त्या शांततेत मागच्या सस्पेन्शनची खडखड तेवढी कानात भरायला लागली. कापूरहोळच्या मिस्त्रीनं ते इतक्यांदा उघडलंय, की त्याचे नटबोल्ट आता मला लांबूनच रामराम घालतात. खडखड मात्र जागच्या जागी.

सुनंदा काही सांगायला लागली, की मी म्हणायचो, "थांब, ऐक. आली बघ!"

परवा ती तिच्या भावाच्या दुखण्याचं सांगत होती. तेव्हाही मी म्हणालो, "जरा गप. डावीकडून येतीय."

"हितंच उतरवा मला," ती म्हणाली. "मी यष्टीनं जाते. तुमी ऐका तुमची खडखड."

"अगं, पुढच्या आठवड्यात निघेल ती."

"निघू द्या की. मला कुठं घाई हाय?"

काल तिची एस.टी. मी मागं टाकली. एस.टी.ची एकूण एक खिडकी खडखडत होती आणि सुनंदा शेजारच्या अनोळखी बाईला हातवारे करून सगळं सांगत होती.

मेव्हणा कसा आहे, ते मला अजून कळलेलं नाही.