दुसरा गिअर आणि माझा गुडघा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आयत उरीरच्या टॅक्सी-थांब्याचे अमीन, म्हणजे आम्हा सगळ्यांचे प्रमुख, सी मोहा, सत्कारमूर्ती हाज हद्दू, भाषणं कधी संपतील या विवंचनेत हाजच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी लल्ला इज्जा, चालक बंधूंनो, आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

हाज उद्यापासून गाडी चालवणार नाहीत. घाटातली गाढवं आता रस्त्याच्या मधून चालतील.

सी मोहांनी मघाशी दाखवलेल्या पितळी तबकावर ‘न्यूट्रल हद्दू’ असं कोरलंय. तुम्ही हसलात. अकरा वर्षांपूर्वी घाट उतरताना हाजना गिअर सापडला नाही, गाडी कुंभाराच्या मडक्यांत शिरली, म्हणून हे नाव. मी त्यांच्या शेजारी होतो. मग आजवर गप्प का बसलो?

त्या गाडीत आपण सहा जण कोंबायचो. मागे चार, पुढे चालकाशेजारी दोन. पुढच्यांतला आतला मी. दुसरा गिअर मागे ओढावा लागतो, आणि मागे माझा गुडघा.

ब्रेक तापले, जळका वास सुटला. हाजनी क्लच दाबून तिसऱ्यातून दांडा काढला, क्लच सोडून इंजिनाला जरा डरकाळी फोडू दिली, पुन्हा क्लच दाबला आणि ओरडले, “उस्ताद, गुडघा!”

मी तेव्हा त्यांना गिअर कसा उतरवावा ते समजावत होतो. पुस्तकात वाचलं होतं ना! म्हणालो, “थांबा हो, वाक्य तर पुरं करू द्या.”

ते मडक्यांत पुरं झालं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण कुंभार धावत आला, “गिअर टाकता येत नाही तर गाढव हाक की!”

हाज म्हणाले, “चुकलंच माझं.”

नंतर मी विचारलं, “खरं का नाही सांगितलंत?”

“सोमवारी वर्गात पोरांनी तुमचं ऐकायला हवं ना!”

तो सोमवार मला सोयीचा वाटला. पुढचेही सगळे वाटले. याला संकोच म्हणावं की भित्रेपणा? मी बरीच वर्षं संकोच म्हणत आलो.

तेव्हा पोरांनो, नीट ऐका. चूक माझी होती. आणि अमीनसाहेब, तबक देण्याआधी ते नाव खोडून घ्या.

काय म्हणालात, हाज? जरा मोठ्यानं.

हाज म्हणताहेत, “खोडाखोड नको, पितळ विद्रूप होईल. खाली उस्तादांचंही नाव घाला. गाडीत दोघं होतो.”

मान्य. फक्त ‘शेजारी बसलेला’ नको, ‘आडवा आलेला’ असं कोरा.

बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि मधूनमधून पेले भरत राहिलेल्या मंडळींचे आभार. काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. अकरा वर्षं जे बोललो नाही, ते मात्र घालू नका.