दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस

जबाब

नाव: गोदीत सगळे मास्तर म्हणतात. वय: ४६ वर्षे. धंदा: अंतराळ पोशाखांची शिलाई व दुरुस्ती. राहणार: बाहेरची गोदी, खालचा मजला, पोशाखाच्या दुकानामागची खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. मूलबाळ नाही. पत्नी भाडोत्री सैनिक आहे. ज्या वस्तीला लढायला स्वतःची माणसे पुरत नाहीत ती वस्ती करार करून तिच्या तुकडीला घेऊन जाते. करार संपला की तुकडी गोदीवर परत येते. तुकडीत तिला ठिणगी म्हणतात. घरी मी तसे म्हणत नाही.

जहाजाच्या बाहेर लढायचे असते तेव्हा सैनिक दोघादोघांनी जातात. दोघांच्या कमरेला मिळून एक दोरी असते, तिला जोडदोरी म्हणतात. एकजण भरकटला तर दुसऱ्याने त्याला ओढून आणायचे. माझ्या पत्नीच्या जोडदोरीच्या दुसऱ्या टोकाला लांब्या या नावाचा इसम असतो. हे आमच्या लग्नाच्या आधीपासून आहे. सदर इसम उंचीने फार असल्याने त्याला तयार पोशाख बसत नाही. त्याचा पोशाख मीच दोन पोशाख जोडून शिवलेला आहे. तो मला दाजी म्हणतो. तसे म्हणायला मी त्याला सांगितलेले नाही.

तुमचे त्याच्याशी वैर होते काय, असे फौजदार साहेबांनी विचारले. वैर नव्हते. करार नसेल तेव्हा तो आमच्याकडे जेवायला येत असे. जेवताना ते दोघे बाहेरच्या गोष्टी काढत. एकाने वाक्य सुरू करायचे आणि दुसऱ्याने हसायचे, वाक्य कधी पुरे होत नसे. काय झाले होते म्हणून मी विचारले तर पत्नी म्हणे, "अरे, तिथं असायला हवं होतंस तू." मी तिथे नव्हतो. मी उठून भांडी उचलत असे. भांड्यांचा आवाज जास्त होतो, असे पत्नीने एक-दोन वेळा म्हटलेले आहे.

बाहेर असताना शत्रू ऐकतो म्हणून रेडिओ बंद ठेवतात. अशा वेळी दोघांनी हेल्मेटला हेल्मेट टेकवले की काचेतून एकमेकांचा आवाज ऐकू जातो. सर्वच जोड्या असे बोलतात, त्यात वावगे काही नाही. दुरुस्तीला आलेली हेल्मेट माझ्या टेबलावर असतात म्हणून मला ठाऊक आहे की, पत्नीच्या हेल्मेटची काच कपाळापाशी एकाच जागी घासून धुरकट झालेली असते, आणि लांब्याची हनुवटीपाशी. दोन्ही काचा मी दर वेळी घासूनपुसून लख्ख करून देतो. परत येतात तेव्हा तशाच आलेल्या असतात.

हातमोज्याबाबत विचारल्यावरून सांगतो की, तुकडीकडून मिळणारे हातमोजे जाड असतात. त्यातून बंदुकीचा चाप बोटाला कळत नाही, अशी पत्नीची जुनी तक्रार होती. म्हणून मी तिला पातळ कापडाची एक जोडी शिवून दिली. तिने हात घालून बोटे हलवून पाहिली आणि ती खूश झाली. म्हणाली, "लांब्यालाही शिवून दे ना अशी." कापड संपले असे मी सांगितले. कापड होते. ती बाहेर जाईल तेव्हा माझ्या हातचे काहीतरी तिच्या हाताला असावे आणि ते तिच्या एकटीलाच असावे, असे मला वाटले. हे वाक्य लिहू नका अशी मी हवालदारांना विनंती केली. सांगितलेले सगळे लिहावे लागते, असे ते म्हणाले.

नंतर पत्नीच्या तुकडीला बर्फाच्या जहाजाचा करार मिळाला. दोन चंद्रांवरच्या वस्त्यांमध्ये बर्फावरून भांडण आहे. बर्फ भरलेले जहाज एका वस्तीपर्यंत सुखरूप पोचवायचे होते. दुसऱ्या वस्तीनेही भाडोत्री तुकडी घेतली होती. त्या तुकडीतलेही बरेचजण माझे गिऱ्हाईक आहेत. जहाजाच्या पाठीवर लढाई झाली. मी तेथे हजर नव्हतो, त्यामुळे लढाईबद्दल ऐकीव माहितीपलीकडे मला सांगता येणार नाही.

तुकडी परत आली तेव्हा मी गोदीच्या हवाबंद दारापाशी उभा होतो. पत्नी आणि लांब्या यांना एकाच स्ट्रेचरवर आणले. लांब्याने दोन्ही हातांनी पत्नीचे डावे मनगट आवळून धरलेले होते. त्याचे मोजे गोठून तिच्या बाहीला चिकटले होते आणि बोटे उघडत नव्हती. दोघेही शुद्धीवर नव्हते. मी पत्नीचा हात धरायला गेलो, परंतु तो हात त्याच्या हातात होता. दुसरा हात पट्ट्याखाली होता. मी स्ट्रेचरची दांडी धरून दवाखान्यापर्यंत गेलो.

तुकडीच्या कप्तानबाई माझ्यासोबत चालत होत्या. शुद्ध हरपण्यापूर्वी लांब्याने दिलेल्या माहितीवरून त्यांनी मला सांगितले की छर्रा लागून पत्नीचा मोजा फाटला, हवा जाऊ लागली, आणि आत यायचे दार शत्रूच्या ताब्यात होते. दार मोकळे होईपर्यंत लांब्याने मनगट सोडले नाही, त्यामुळे बाहीतली हवा टिकली. "तुझी बायको त्याच्यामुळं जिवंत आहे, मास्तर. त्याला भेटून दोन शब्द बोल," असे त्या म्हणाल्या. बोलतो, असे मी सांगितले.

दवाखान्यात दोघांना एकाच खोलीत ठेवले होते, मध्ये पडदा होता. पत्नीच्या डाव्या हाताची दोन बोटे काढावी लागली. ती शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या उशाशी खुर्चीवर होतो. तिने डोळे उघडून प्रथम विचारले, "लांब्या कुठाय?" पडद्यापलीकडे आहे, असे मी सांगितले. "बरा आहे?" बरा आहे, असे सांगितले. मग ती पडद्याकडे कुशीवर वळून झोपी गेली. खुर्ची पडद्याच्या विरुद्ध बाजूला होती. ती उचलून दुसरीकडे ठेवावी असे मनात आले, परंतु तिकडे जागा नव्हती.

घटनेच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर लांब्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला होता. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. कप्तानबाईंना शब्द दिला असल्याने मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो. त्याला कप धरता येईना म्हणून मी तो त्याच्या तोंडाला लावला. त्याने अर्धा चहा घेतला. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

तो म्हणाला, "दाजी, खरं सांगू? आपल्याला वाटलं, संपलं आता."

मी आभार मानले. मग विचारले, "तिला काय वाटलं?"

"तिलाही तेच वाटलं. हेल्मेट टेकवून बोलली माझ्याशी."

"काय बोलली?"

"ते राहू द्या, दाजी."

"माझ्याबद्दल होतं?"

तो खाली पाहू लागला. म्हणाला, "ते तिचं बोलणं आहे. तिनं सांगितलं तर सांगेल. मी नाही सांगणार."

"मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच," असे तो म्हणाला.

त्यावर मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. कप खाली पडून फुटला. त्याला हात वर करता येत नव्हते हे मला माहीत होते. तो जागचा हललाही नाही. पुन्हा का मारले, असे फौजदार साहेबांनी विचारले. पहिल्या ठोशानंतर तो "मारा दाजी, मन मोकळं करा" असे म्हणाला, म्हणून मारले.

खोलीतल्या सिस्टर ओरडत बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग पत्नी सलाईनचा स्टँड ओढत आली. लांब्याच्या नाकातून रक्त येत होते. पत्नी त्याच्याकडे न जाता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हे मी मुद्दाम नमूद करू इच्छितो.

"काय विचारलंस त्याला?" असे ती म्हणाली. मी सांगितले.

लांब्या म्हणाला, "ठिणगे, नको."

"गप बस तू," असे त्याला म्हणून पत्नी मला म्हणाली, "ऐकायचंय ना? ऐक. मी त्याला म्हटलं, मी मेले तर मास्तरला सांगू नकोस की मोजा शिवणीवर उसवला. छर्रा लागला म्हण. खरं कळलं तर तो पुन्हा सुई हातात धरायचा नाही. त्याच्याकडून शब्द घेतला मी. झालं समाधान?"

सिस्टर फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत होत्या, त्यांना मदत करायला मी खाली बसलो. त्यांनी मला तिथून उठवले आणि ठाण्याला कळवले.

त्यानंतर मी कप्तानबाईंकडून तो मोजा मागून घेतला. छर्र्याची खूण त्यावर कुठेही नाही. अंगठ्याच्या मुळाशी शिवण उघडली आहे. दोरा तुटलेला नाही, टाक्यांभोवतीचे कापडच विरले आहे. एवढ्या ताणाला ते कापड पातळ होते. सबब छर्रा लागल्याचे तुकडीच्या नोंदीत जे आहे ते खरे नाही. लांब्याने ते माझ्यापायी सांगितले. त्याबद्दल त्याच्यावर काही कारवाई होऊ नये. मोजा मी शिवला, घालायला मी दिला. तो मोजा आज ठाण्यात जमा केला आहे.

आता तुमचा गैरसमज दूर झाला काय, असे फौजदार साहेबांनी विचारले. गैरसमज दूर झाला. दुसरे काही दूर झालेले नाही. त्यांच्यात तसले काही नाही, हे मला आता पक्के माहीत आहे. तसले काही असते तर काय करायचे ते मला सुचले असते. हवा संपत आलेली असताना पत्नीला माझी काळजी वाटली. ही गोष्ट चांगली आहे. ती तिने त्याला सांगितली. माझ्याबद्दल काय करायचे ते डोक्याला डोके लावून त्या दोघांनी ठरवले, आणि मी त्या वेळी दुकानात कुणाच्या तरी पोशाखाचा गुडघा शिवत होतो. हे मला झोपताना आठवते, जेवताना आठवते.

पत्नी आता घरी आली आहे. हात बरा झाला की पुन्हा जाणार काय, असे मी तिला जेवताना विचारले. ती जाणार म्हणाली.

"त्याच्याबरोबरच?"

"हो."

"मला त्रास होतो," असे मी म्हणालो. लग्न झाल्यापासून हे मी प्रथमच म्हणालो.

"माहितीये मला," असे ती म्हणाली. "भांडी आपटतोस, काचा घासघास घासतोस, मला काय दिसत नाही? तरी जाणार. तुझ्यावर जीव आहे म्हणून त्याला सोडू, की त्याच्यावर भरवसा आहे म्हणून तुला? मला दोन्ही सोडायचं नाही. तुला झेपत नसेल तर तसं सांग."

झेपत नाही असे मी म्हणालो नाही. झेपते असेही म्हणालो नाही. तिला एका हाताने घास तोडता येत नव्हता, तो मी तोडून दिला.

लांब्याने व्हरांड्यात पाय घसरून पडलो असा जबाब ठाण्यात दिल्याचे मला आज समजले. माझी तक्रार नाही, असेही त्याने लिहून दिले आहे. त्याचा तो जबाब खोटा आहे. तो घसरलेला नाही. मी त्याला मारले, दोनदा मारले, आणि नाकाला जी जखम आहे ती माझ्या हातची आहे. तेवढे तरी माझे राहू द्यावे, अशी माझी विनंती आहे. जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे.

त्याची बोटे आता पूर्वीसारखी वळत नाहीत. त्याला मापाचे नवे मोजे लागतील. जाड कापड आणून ठेवले आहे. माप घ्यायला त्याला दुकानात यावे लागेल, तेव्हा त्याचे हात मला हातात घ्यावे लागतील. त्याबद्दल अजून आमचे बोलणे झालेले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मला न्यायला पत्नी आणि लांब्या ठाण्यात आले असून बाहेरच्या बाकावर बसले आहेत. वाचन चालू असताना त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. माझे लक्ष तिकडे गेल्याने शेवटचा भाग मी हवालदारांना पुन्हा वाचायला लावला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. सही करतो.