टाळ्या नकोवाले

शरणपूर रोडवरच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"रूबेन! चर्चची मंडळी फुटल्यापासून बोललाच नाहीस रे."

"तूच बोलत नाहीस, याकोब. तुमची भक्ती सुटते, आमची सुरू होते, आणि चर्चच्या फाटकात सगळे आपापल्या चपला बघत जातात."

"गाताना टाळ्या वाजवायच्या की नाही, एवढ्यावरून फुटलो आपण."

"शहाणेच आपण! टाळ्या नकोत म्हणून आम्ही हार्मोनियम ठेवून घेतली, आणि वाजवणारा तुमच्याकडे गेला."

"तो आता नुसत्या टाळ्या वाजवतो."

"आणि आमच्या हार्मोनियमवर फुलदाणी आहे."

"आम्ही दर बुधवारी ऐक्यासाठी प्रार्थना करतो हं."

"आम्हीही करतो. गुरुवारी. बुधवारी तुम्ही असता ना."

"एकत्र गातो ते फक्त मयताला. मार्थाबाईंच्या वेळी हार्मोनियमसुद्धा वाजली."

"वाजेल परत. लवकरच."

"का? कोण आजारी आहे?"

"मग मी इथं कशाला बसलोय?"

"रूबेन..."

"असं तोंड नको करूस. माझ्या वेळी टाळ्या वाजवल्यात तरी मी काही बोलणार नाही."