श्राद्धाच्या दिवशी मी हसलें

माझें नाव अंबुजाबाई, पण इथें तंजावुरात अंबू मामी म्हणून विचारलेंत तरच घर सापडेल. आमची माणसें कुठल्या राजाबरोबर इकडे आली तें मला विचारूं नका, शाळेत मी तमिळ शिकलें, तुम्ही हें लिहाल तें मला तुम्हालाच वाचून दाखवावें लागेल. तुमची मराठी गोड, पण भरभर. आमची जुनी, तींत तमिळ मीठ जास्त.

लग्न झालें तेव्हा सतराची होतें. आमचे हे तालुका कचेरीत कारकून, रोज बसनें ओरत्तनाडूला जायचे आणि यायचे, बोलणें कमी, रागावणें त्याहून कमी. ह्यांची आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनें वाढवलें. त्या सरसूवन्स. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या, पापनाशमला सासरच्या घरी एकट्या राहायच्या, पण दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे, अप्पळम लाटायला. आम्ही पापडाला अप्पळमच म्हणतों. मला सासू नव्हती, वन्सच सासू.

हे गेले ते सकाळी. काप्पी मागितली, मी घेऊन आलें तर मान कललेली. काप्पी हातात तशीच. काय सांगू तुम्हाला, चार महिने मी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून होतें. मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत, तो आठवड्याला फोन करायचा, समोरच्या कमलमच्या एसटीडी बूथवर. एक दिवस फोन ठेवला तर कमलम म्हणाली मामी, बसून बसून ओटा झिजेल, आणि मला ओढत घेऊन गेली चित्रांच्या शिकवणीला. आमची ती सोन्याच्या वर्खाची चित्रें हो. फळीवर कापड चिकटवायचें चिंचोक्याच्या खळीनें, मग खडूची पूड नि गोंद कालवून उठाव काढायचा, खडे बसवायचे, मग वर्ख, आणि वर्ख लावतांना श्वास धरायचा, नाहीतर उडाला. माझा पहिला बाळकृष्ण असा गालफुग्या झाला की कमलम म्हणाली ह्याची दाढ दुखते का.

त्या खळीच्या वासानें आलें तें कुत्रें. मणी. इकडे दहांतल्या सहा कुत्र्यांचें नाव मणीच. मेल्यानें खळीचें भांडें चाटलें, वर वर्खाच्या पुडींत तोंड घातलें, दोन दिवस सोनेरी नाक घेऊन गल्लीत फिरत होता, लोक हात जोडायचे. मी हाकलला, परत आला. हाकलला, परत आला. मग मीच भात घालूं लागलें.

इथवर ठीक. आता लाजेचें सांगतें.

पहिलें वर्ष आमच्यात सण नाही, यात्रा नाही, विधवेनें तर उंबऱ्याबाहेर जपूनच. आणि कमलमनें बायकांची व्हॅन ठरवली, मदुरै, कन्याकुमारी. मी वन्सांना सांगितलें बंगळूरला जातें मुलाकडे, आणि गेलें कन्याकुमारीला. समुद्रात गुडघ्याइतकी उतरलें, साडी धरून, लाट आली की ओरडायचें, भाजलेल्या शेंगा खायच्या, परत लाट. ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

वर्षश्राद्धाला वन्स आल्या, मुलगा आला. वन्स सहज म्हणाल्या तुझी आई तुझ्याकडे आली होती तेव्हा नीट जेवत होती ना, आणि तो म्हणाला कधी आली होती? झालें. वन्स माझ्याकडे बघत राहिल्या. मी सगळें सांगितलें.

मग वर गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला घास ठेवला, तर कावळा येईना. रोज माझ्या हातचा भात खाणारे कावळे हो, त्या दिवशी एक नाही. ऊन चढलें, भटजी घड्याळ बघताहेत, मुलगा का का ओरडून थकला. वन्स म्हणाल्या तो रागावलाय अंबू. सांग त्याला, हें भटकणें सोडतें, चित्रें, कुत्रें सगळें सोडतें, मग येईल.

मी हात जोडले. तेंच म्हणायचें होतें, पण तोंडातून भलतेंच आलें. म्हटलें, वीस वर्षें तुम्ही दर उन्हाळ्यात कचेरीतून प्रवासाच्या सवलतीचा फॉर्म आणलात, चल अंबू, कन्याकुमारी पाहूं म्हणालात, आणि मी वीस वर्षें पुढल्या वर्षी म्हटलें. अप्पळम आहेत, वन्स येताहेत, मुलाची परीक्षा आहे. तुम्ही बोलावलेंत तेव्हा आलें नाही, तुम्ही गेल्यावर एकटी जाऊन खिदळून आलें. मला तोंड नाही तुमच्यापुढे.

तेवढ्यात खाली बांधलेला मणी दोरी तोडून, दोरीसकट, जिन्यावरून वर आला, कठड्यावर दोन पाय टेकले, घास एका दमात गिळला आणि शिंकला.

मी हसलें. काय सांगू, पदर तोंडात कोंबला तरी हसूं थांबेना. मुलगा जिन्यातून खालीच गेला. वन्स न जेवतां पापनाशमची बस धरून निघून गेल्या. दुसरा घास ठेवला, तो कावळ्यानें केव्हा नेला, कुणी पाहिलेंच नाही.

पंधरा दिवस मला अन्न गेलें नाही. मग गेलें पापनाशमला. म्हटलें वन्स, चुकलें, पाहिजे तर दोन थोबाडीत द्या. त्या पाठमोऱ्या उभ्या. म्हणाल्या तूं हसलीस म्हणून नाही गेलें मी. त्याचें मला दर वर्षी पत्र यायचें, अक्का, ह्या उन्हाळ्यात आम्ही कन्याकुमारीला जाऊं का? आणि मी लिहायचें, माझे गुडघे दुखतात, मी तुझ्याकडेच येतें. तुम्ही दोघें गेला असतां तर मी महिनाभर ह्या घरात कुणाशी बोललें असतें? तूं गच्चीवर बोललीस ना, मला वाटलें आता दोष माझ्यावर टाकशील. तूं टाकला नाहीस, सगळा स्वतःवर घेतलास. मला तिथें उभें राहवेना.

मला काय ठाऊक हो तीं पत्रें? बसलों दोघी स्वयंपाकघरात. मग त्यांनीच भात वाढला.

आता दर उन्हाळ्यात त्या असतात आमच्या व्हॅनीत, खिडकीशी. मणीला कमलमच्या नवऱ्याकडे ठेवतों, तो शिव्या घालतो पण ठेवतो. चित्रें चालूं आहेत, बाळकृष्णाची दाढ बरी झाली. लाज मात्र गेली नाही, खोटें कशाला सांगू. तुम्हाला देव सुखी ठेवो, घरचें कुणी चल म्हणालें तर निघा, माझ्यासारखें करूं नका.

वन्स प्रत्येक गावाला उतरल्या की माझा हात धरून विचारतात, अंबू, त्याला इथेंही यायचें होतें का ग? मी हो म्हणतें. हे तर फक्त कन्याकुमारीच म्हणाले होते.