नारळ, माती आणि परुळेकर साहेबांचा अंदाज

ज्योतिषांना काय हसता रे? आमचे परुळेकर साहेब बघायला हवे होते! ऐंशीच्या दशकात मी अंधेरीला माती तपासायच्या लॅबमध्ये होतो, तिथले हे बॉस. काश्मीरकडची एक माती असते, वाऱ्याने येऊन साठलेली. कोरडी असताना दगड, आणि पाणी लागलं की भसकन खाली बसते. किती बसणार, हे साहेबांनी आधीच गणिताने काढून ठेवलं होतं. त्यांचा अंदाज खरा निघाला की कालवा त्या मातीवरूनच जाणार होता. कालवेवाल्यांनी तपासायला एकच ढेकूळ पाठवलं होतं. ते आम्ही मशीनमध्ये वजनाखाली ठेवलं. दसरा झाला की पाणी घालायचं आणि माती किती बसली ते दाखवणाऱ्या काट्याचे फेरे मोजायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा झाली. साहेबांनी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी घेऊन मशीनकडे निघाले.

मी ओरडलो, "साहेब, आत माती आहे!"

"या मातीत माझे केस पांढरे झाले. तू मला शिकवतोस? डोळे मीट, हात जोड!"

आणि त्यांनी सगळं पाणी ओतलं.

आम्ही डोळे उघडले तेव्हा माती पार बसली होती. काट्याने किती फेरे मारले, कोणीच पाहिलं नव्हतं.

साहेबांनी थंडपणे रिपोर्ट लिहिला आणि कालवेवाल्यांना फोनवर कळवला: अंदाज तंतोतंत बरोबर.

दुपारी कालवेवाल्यांचा फोन आला. "साहेब, टेस्टला पाणी कसलं वापरलंत?"

साहेब प्रसादाचं खोबरं चावत म्हणाले, "एकदम शुद्ध!"